रझिया पहिलीत जाण्याआधी

बिबवेवाडीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बिलकिस ब्लाउज शिवायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, भिंतीवर खुंट्यांना टांगलेले तयार ब्लाउज आणि मधे फुलाफुलांचा पडदा. पडद्यामागे स्वयंपाकघर, सासूची खाट आणि उरलेला संसार. नवरा अमीन मार्केट यार्डात वजनकाटे दुरुस्त करायचा. सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडला की गाळ्यागाळ्यांतून फिरत संध्याकाळी परतायचा, तेव्हा त्याच्या कपड्यांना कधी कांद्याचा, कधी सुक्या मिरचीचा वास असायचा.

लग्नानंतर बरीच वर्षं त्यांना मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले आणि गेले. रझिया झाली ती दोन हजार साली, बिलकिसनं आशा सोडून दिल्यानंतर. सासू अख्तरबानू इतक्या हरखल्या की बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी हात धुवायला लावायच्या आणि मग बाळाला हात लावूच द्यायच्या नाहीत.

रझिया हसरी होती, धीट होती. फक्त बोलायला उशीर झाला. दोन वर्षांची झाली तरी 'अम्मी', 'दादी' आणि 'दे' एवढ्यावर तिचं भागायचं. घरात पुण्याची हिंदी, गल्लीत मराठी, आणि अमीन हौसेनं तिला इंग्रजीत रंगांची नावं शिकवायचा.

"तीन तीन भाषा पोरीच्या कानावर," अख्तरबानू म्हणायच्या. "बिचारीनं कुठली उचलावी?"

पुढे ती बोलायला लागली आणि भरभरून बोलायला लागली, पण शब्द उलटेपालटे. चप्पलला 'पच्चल', बिस्कुटला 'बिकसुट', टोमॅटोला, म्हणजे घरातल्या टमाटरला, 'मटाटर'. अमीनला त्याची भारी गंमत वाटायची. मार्केट यार्डातून येताना तो मुद्दाम टोमॅटो आणायचा आणि दारातूनच विचारायचा, "आज अब्बूनं काय आणलं?" ती ओरडायची, "मटाटर!" आणि सगळं घर हसायचं. बिलकिसही हसायची. लहान मुलं बोलतातच तसं.

चौथं लागल्यावर रझियाला गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत घातलं. मंदाकिनीबाई म्हणून एक उंच, शांत बाई ती चालवायच्या. पहिलं वर्ष बरं गेलं. रझिया मातीचे बैल करायची, दोरीवरून उड्या मारायची, आणि कुणी रडत असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसायची. दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलन आलं. बाईंनी भाज्यांचं एक नाटुकलं बसवलं होतं. प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक भाजी आणि दोन ओळी. रझियाला टोमॅटो केलं होतं. ओळी होत्या:

मी टोमॅटो लाल लाल,
फुगले बघा माझे गाल.

बिलकिसनं लाल सॅटिनचा झगा शिवला, आत कापूस भरून तो गोल केला, डोक्यावर हिरवा देठ लावला. आणि ओळी पाठ करून घ्यायला बसली.

"मी टोमॅटो लाल लाल."

"मी मोटॅटो... लाल."

"फुगले बघा माझे गाल."

"माझे... लाल बघा."

आठवडाभर रोज तेच. सकाळी जमल्यासारखं वाटायचं, दुपारी पुसल्यासारखं नाहीसं व्हायचं. शेजारची पोरं ऐकून ऐकून त्या ओळी म्हणायला लागली. अख्तरबानूंनाही पाठ झाल्या; त्या खाटेवर बसून तसबीहची माळ ओढता ओढता मधेच 'फुगले बघा' म्हणायच्या आणि जीभ चावायच्या. एका रझियालाच येत नव्हत्या.

"लालसारखं काय वाजतं? गाल! लाल, गाल. ऐक ना, एकसारखं नाही का वाजत?" बिलकिस विचारायची.

रझिया तिच्या तोंडाकडे बघत राहायची. एकसारखं म्हणजे काय, तेच तिला कळत नव्हतं. मग काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून म्हणायची, "सफरचंद?"

कारण सफरचंदही लाल असतं.

संमेलनाच्या दिवशी ती स्टेजवर आली, पुढे झाली, दोन्ही गाल फुगवले, डोळे गरगर फिरवले, पोटावर हात ठेवून एक गिरकी घेतली, आणि एक शब्द न बोलता मागे जाऊन उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच मिळाल्या. अमीन तर उभाच राहिला. बिलकिसनं टाळ्या वाजवल्या, पण तिला लेकीचे डोळे दिसले होते. पुढे येताना रझियाचे ओठ हलले होते. ती शोधत होती. सापडलं नाही, तेव्हा तिनं गाल फुगवले.

त्यानंतरच्या आठवड्यात श्यामलाताई ब्लाउज न्यायला आल्या. त्या पलीकडच्या सोसायटीत राहायच्या. आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि जगात कुठलंच काम धड होत नाही अशी ठाम समजूत असलेल्या. ब्लाउज उलटा करून त्या शिलाई तपासत होत्या. रझिया मशीनखाली चिंध्या गोळा करत बडबडत होती. काल रस्त्यात बघितलेल्या जेसीबीची गोष्ट. पण जेसीबीचं नाव तिला सापडत नव्हतं. "ते... ते मोठं... माती खातं ते... पिवळं... अम्मी, ते!"

"रझिया, रोज दिसतं तुला ते," बिलकिस म्हणाली.

श्यामलाताईंनी ब्लाउज खाली ठेवला. "कितवं वर्ष हिला?"

"पाचवं सरत आलंय. जूनमध्ये सहावं लागेल."

"बडबडगीतं येतात?"

"नाही हो. पाठच होत नाहीत."

"घरात आणखी कुणाला असं होतं? लिहायला-वाचायला न जमणं वगैरे?"

बिलकिसचा हात मशीनच्या चाकावर थांबला. "का हो?"

"मी काही डॉक्टर नाही. पण अशी मुलं वर्गात बघितलीयेत. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. हुशार असतात, पण वाचन येत नाही. आमच्या वेळी आम्ही त्यांना मठ्ठ म्हणायचो आणि मोकळे व्हायचो." त्यांनी ब्लाउज पुन्हा उचलला. "वरचा हूक सैल आहे. तो आधी नीट करा."

हूक नीट करून घेऊन त्या गेल्या. आपण काय बोलून गेलो याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं. बिलकिसकडून मात्र त्या दिवशी एक ब्लाउज उलट्या बाजूनं शिवला गेला.

कारण घरात असं कुणी होतं. तिच्या माहेरी होतं.

तिचा धाकटा भाऊ अय्युब. गुलटेकडीला त्यांचं लहानपण गेलं. वडील स्वारगेटला एसटी स्टँडबाहेर फळांची गाडी लावायचे. अय्युब लहानपणी गल्लीतलं सगळ्यात चुणचुणीत पोर. लोकांच्या चालीची, बोलण्याची अशी हुबेहूब नक्कल करायचा की माणसं भाजी घ्यायची थांबून बघत उभी राहायची. शाळेत गेला आणि गप्प झाला. पुस्तकातलं चित्र बघून तो अख्खा धडा बनवून सांगायचा. चित्रावर हात ठेवला की संपलं. मास्तर त्याला बाकावर उभं करायचे. पोरं 'ढ' म्हणून हाक मारायची, इतकी की काही जणांना त्याचं खरं नावच माहीत नव्हतं. तिसरीत असताना तो शाळेला म्हणून निघायचा आणि मार्केट यार्डात केळ्यांच्या वखारीमागे जाऊन बसायचा. वडिलांना कळलं, त्यांनी पट्ट्यानं मारलं. त्यानं काही फरक पडला नाही. पाचवीत शाळा सुटली, आणि तो त्याच केळ्यांच्या वखारीत घड उचलायला लागला.

आता तो चाळिशीकडे झुकला होता, टेम्पो चालवायचा. हसतमुख माणूस. पण पत्ता लिहिलेला कागद कुणी पुढे केला की खिसे चाचपायचा आणि म्हणायचा, "चष्मा राहिला बघा, वाचून दाखवा जरा." त्याला चष्मा नव्हता हे फक्त त्याच्या बायकोला आणि बिलकिसला माहीत होतं.

तोही लहानपणी चपलेला पच्चलच म्हणायचा. घरात तेव्हाही सगळे हसायचे.

त्या दिवसापासून बिलकिसचं लक्ष उडालं. तिला रझियात दुसरं काही दिसेनासं झालं. जेवताना विचारायची, "सोमवारनंतर काय?" रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून विचारायची, "हे कुठलं अक्षर? तुझ्या नावातलं आहे ना? मग?" आंघोळ घालताना, वेणी घालताना. एक दिवस पाटीवर रझियानं 'र' उलटा काढला, आरशात दिसावा तसा. बिलकिसनं तो पुसायला लावला, पुन्हा काढायला लावला. पुन्हा उलटा. पुन्हा पुसला. पाचव्या-सहाव्या वेळी रझियानं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "अम्मी, माझ्या पोटात दुखतंय."

मग पाटी काढली की तिचं पोट दुखायला लागलं. पुढे पुढे पाटी न काढताही, बिलकिसनं नुसतं "रझिया, इकडे ये" म्हटलं तरी दुखायला लागलं.

अमीन एरवी शांत माणूस. त्या दिवशी जेवता जेवता भडकला. "शिवलेलं उसवून बघायची सवय लागलीय तुला. पोरगी काय ब्लाउज आहे? रोज उसवतेस तिला."

"तुम्हाला काही दिसत नाही का?"

"मला दिसतंय ना. चांगली खाते-पिते, खेळते, सगळ्यांशी बोलते. पाच वर्षांच्या पोरीला काय यायला पाहिजे? पाढे?"

"अय्युबचंही असंच म्हणत होते सगळे. मोठा झाला की येईल."

अमीननं ताट बाजूला सारलं. "बरं, समजा तसंच आहे. मग काय करायचं? सांग. मी आत्ता उठून करतो." त्याच्या आवाजात आता राग नव्हता. काटा बिघडला तर तो उघडून आत बघणारा माणूस होता. इथे काय उघडायचं ते त्याला कळत नव्हतं.



अख्तरबानूंनी त्यांच्या परीनं उपाय केला. मौलवीसाहेबांकडून पाणी दम करून, म्हणजे त्यावर दुआ फुंकून, आणलं आणि रोज सकाळी रझियाला घोटभर पाजलं. रझिया ते आवडीनं प्यायची, कारण त्यानंतर दादी खडीसाखर द्यायची. बिलकिसनं हरकत घेतली नाही. एक दिवस सासू मशिदीकडून यायच्या आत तिनं स्वतःच ते पाणी वाटीत ओतून लेकीला दिलं.

अय्युब दर शुक्रवारी दुपारी टेम्पो कोपऱ्यावर लावून बहिणीकडे चहाला यायचा. भाचीसाठी काही ना काही आणायचा. त्या शुक्रवारी चिक्कू आणले होते. रझियाला त्यानं मार्केट यार्डातल्या एका जाड्या आडत्याची नक्कल करून दाखवली, ती लोळण घेईपर्यंत हसली, आणि चिक्कू घेऊन बाहेर पळाली. बिलकिसनं चहा पुढे ठेवला.

"अय्युब, एक विचारू? लहानपणी तुला अक्षरं कशी दिसायची रे?"

तो हसला. "हे काय नवीन?"

"सांग ना."

"का पण?"

"रझियाचं मला..." तिला नीट शब्द सापडेनात. "मला भीती वाटते रे. ती तुझ्यासारखी असेल म्हणून."

अय्युबनं कप खाली ठेवला. हळूच ठेवला.

"माझ्यासारखी म्हणजे काय, आपा?"

"तसं नाही रे..."

"नाही, सांग ना. माझ्यासारखी म्हणजे काय? मी चोऱ्या करतो? दारू पितो? बायकोला मारतो? माझ्यासारखी झाली म्हणजे काय वाईट होईल तिचं, ते तरी कळू दे."

"अय्युब, तुला काय काय सोसावं लागलं ते मी बघितलंय. म्हणून विचारते."

"अक्षरं कशी दिसायची!" तो उठून उभा राहिला. "तुला कशी दिसतात ते मला काय माहीत? मग मला वेगळी दिसायची की तुझ्यासारखीच, ते मी कसं सांगू? मला एवढंच कळायचं की बाकीच्या पोरांना येतंय आणि मला येत नाही. का येत नाही ते मला कुणी सांगितलं नाही. आजपर्यंत नाही सांगितलं. आणि आता तू मला विचारतेस?"

तो चपला घालून निघाला. दारात रझिया होती. "मामू, चाललास?" त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेम्पोकडे गेला. पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

शेवटी मंदाकिनीबाईंनीच एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. लहान मुलांच्या वाढीच्या अडचणी बघणाऱ्या डॉक्टर; आठवड्यातून ठरावीक दिवशी स्वारगेटच्या पुढे एका दवाखान्यात बसायच्या. "माझं ऐकाल तर घाबरून जाऊ नका," बाई म्हणाल्या, "पण दाखवून या. मलाही तिचं थोडं वेगळं वाटतं. मी बोलले नाही, कारण बोलून तुमच्या हातात काय देणार होते मी?"

अमीननं कामाला सुट्टी घेतली. तिघं बसनं गेले. रझियाला वाटलं आपण सारसबागेत चाललोय, आणि बस पुढे गेली तशी ती रडायला लागली.

डॉक्टरांचं नाव उल्का होतं. तरुणच होत्या. त्यांनी रझियाला जमिनीवर बसवलं, स्वतःही बसल्या, ठोकळे काढले, चित्रं काढली. रझियानं ठोकळ्यांचा जिना केला, पूल केला, पुलाखालून गाडी नेली. चित्रं बघून गोष्ट सांगितली. "हे काय?" म्हणून छत्रीच्या चित्रावर बोट ठेवलं तेव्हा अडकली. "पावसात घेतात ते... काळं... दादीकडे आहे." मग आवाजाचे खेळ झाले. 'कमळ'मधला पहिला आवाज कुठला? रझियानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "गुलाबी."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बिलकिसला पुष्कळ प्रश्न विचारले. घरात कुणाला असं होतं का, हाही विचारला.

"माझ्या भावाला," बिलकिस म्हणाली.

कान तपासायला दुसरीकडे पाठवलं. कान उत्तम होते. डोळे उत्तम होते. बिलकिसला वाटलं होतं की काहीतरी एक निघालं असतं तर बरं झालं असतं. कानात मळ, डोळ्यांना नंबर. चष्मा लावला असता आणि सुटली असती.

पुन्हा डॉक्टरांसमोर बसले तेव्हा तिनं पिशवीतून पाटी काढली. "ही बघा, अक्षरं उलटी काढते."

"त्याची काळजी करू नका. या वयात पुष्कळ मुलं उलटी काढतात," डॉक्टर म्हणाल्या. "माझं लक्ष दुसरीकडे आहे. बोलायला उशीर झाला, शब्दांमधले आवाज तिला सुटे ऐकू येत नाहीत, यमक कळत नाही, ओळखीचे शब्द वेळेवर आठवत नाहीत, आणि मामांचा इतिहास आहे. तेव्हा शक्यता आहे."

"म्हणजे डिस्लेक्सिया आहे?"

"शक्यता आहे, एवढंच मी आज म्हणू शकते. वाचायला शिकवल्यावर जमतं की नाही ते बघूनच ते ठरतं. ती अजून पहिलीतही गेली नाही. अशी कितीतरी मुलं पुढे व्यवस्थित वाचायला लागतात. काही नाही लागत."

"मग कळणार कधी?"

"पहिली होऊ द्या. दुसरीत असताना घेऊन या, मग चाचण्या करता येतील."

"दोन वर्षं?" अमीन म्हणाला.

"तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाहीये. गोष्टी सांगा, टाळ्या वाजवून शब्द तोडा, आवाजाचे खेळ खेळा. पाटी मात्र सध्या बाजूला ठेवा. तिचं पोट दुखतं म्हणालात ना, ते खरंच दुखतंय."

बिलकिसनं मान खाली घातली. मग एकदम म्हणाली, "घरात तीन भाषा आहेत म्हणून झालं का? आम्ही एकच बोलू. मी उद्यापासून सगळ्यांना सांगते."

"नाही हो. भाषांनी असं होत नाही. तुमच्या कशामुळेच झालेलं नाही."

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण बिलकिसला वाटलं, आपल्यामुळे झालं असतं तर आपल्याला थांबवता तरी आलं असतं.

बाहेर आल्यावर अमीननं रझियाला खांद्यावर घेतलं आणि सारसबागेत नेलं. तिथल्या गवतावर बसून तिघांनी भेळ खाल्ली. रझिया कागदाचा चमचा करून खात होती.

"डॉक्टर चांगली आहे," अमीन म्हणाला.

"चांगली आहे."

"बिघडलंय की नाही ते आजच सांगता येत नाही म्हणाली." तो बराच वेळ गवत उपटत राहिला. "माझ्याकडे असं गिऱ्हाईक आलं असतं आणि मी दोन वर्षांनी या म्हटलं असतं, तर त्यानं काटा माझ्या डोक्यात घातला असता."

दोघंही हसली नाहीत.

पाटी माळ्यावर गेली. बिलकिस टाळ्या वाजवून शब्द तोडायला शिकली. ट-मा-टर. खि-ड-की. रझियाला खेळ आवडला. तिला टाळ्या आवडायच्या. कधी टाळ्या बरोबर पडायच्या, कधी नाही. बिलकिस तोंडावर हसू ठेवून खेळायची आणि मनात मोजायचीच. पोट दुखणं हळूहळू थांबलं. एवढं एक झालं.

मे महिन्यात, उन्हाच्या तडाख्यात, अय्युब एका शुक्रवारी दारात उभा राहिला. हातात आंब्यांची टोपली. जणू मधे काही झालंच नव्हतं, तसा आत येऊन बसला. चहा झाल्यावर म्हणाला, "डॉक्टरकडे नेलं होतंस म्हणे. यार्डात भाईजान भेटले, ते बोलले मला."

"हो."

"माझं सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी. माझ्या भावाला, एवढंच म्हटलं मी. नाव नाही सांगितलं."

"सांगितलं असतंस तरी चाललं असतं." तो बशीतला उरलेला चहा बघत राहिला. "त्याला काही नाव आहे?"

"आहे. डिस्लेक्सिया."

"डिस... डिक्से..." त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "डिसेस्किया." मग मान हलवली. "ज्याला होतं त्याला म्हणता तरी आलं पाहिजे. जरा सोपं ठेवायचं की."

बिलकिसला रडू फुटलं. तो उठून जवळ आला नाही. त्याला तसं जमायचं नाही. त्यानं उरलेला चहा संपवला आणि म्हणाला, "आपा, तिला बाकावर नको उभं करू देऊस कुणाला. बाकीचं होतं कसंतरी."

जूनमध्ये रझिया पहिलीत गेली. घराजवळचीच मराठी शाळा. बिलकिसनं गणवेश स्वतः शिवला. पहिले काही दिवस जाऊ दिले आणि मग एका सकाळी ती वर्गशिक्षिकेला भेटायला गेली. काय बोलायचं ते तिनं घरी मशीनवर बसून कितीदा तरी म्हणून बघितलं होतं.

कुसुमबाई वयानं मोठ्या होत्या, चेहऱ्यावर थकवा होता, पण तुसड्या नव्हत्या. वर्ग गच्च भरलेला. एका बाकावर चार चार मुलं. त्या बोलत होत्या बिलकिसशी आणि बघत होत्या वर्गाकडे.

"बाई, माझी मुलगी हुशार आहे," बिलकिस म्हणाली. "पण तिला कदाचित वाचायला त्रास होईल. डॉक्टरांना दाखवलंय. तर तिला सगळ्यांसमोर वाचायला लावू नका, एवढंच. आणि नाही आलं तर उभं करू नका. मला बोलवा. मी जवळच राहते, केव्हाही येईन."

"बरं, बरं. बघते हं मी." बाईंनी मागे वळून कुणाला तरी दटावलं. "अहो, सगळ्यांवर लक्ष ठेवतेच मी. काळजी करू नका. नाव काय म्हणालात?"

"रझिया."

"हां, ती पाणी पिणारी. सारखी पाण्याला जाते."

"नाही, ती नसेल..."

पण तेवढ्यात दोन मुलांची मारामारी जुंपली आणि बाई आत गेल्या. बिलकिस दारात थोडी थांबली. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या कोपऱ्यात रझिया बसली होती. फळ्यावर 'कमल' लिहिलेलं होतं आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडत होता, "क, म, ल, कमल!" रझियाही ओरडत होती. तिचा आवाज सगळ्यात मोठा होता. पण ती फळ्याकडे बघत नव्हती. शेजारच्या मुलीच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलले की त्यापाठोपाठ स्वतःचे हलवत होती.

शिपायानं बिलकिसला बाजूला व्हायला सांगितलं. दार बंद व्हायची वेळ झाली होती.

दुपारी ती फाटकाशी लेकीला घ्यायला उभी राहिली. रझिया पळत आली, दप्तर एका खांद्यावर लोंबत होतं. आज वर्गात मांजर आलं होतं, बाई खुर्चीवर चढल्या, मग शिपाईकाका झाडू घेऊन आले, मांजर खिडकीतून कसं उडालं, हे सगळं तिनं रस्त्यानं चालता चालता करून दाखवलं. मांजर झाली, बाई झाली, शिपाई झाली. रस्त्यावरचा भाजीवाला हसायला लागला. एक म्हातारे गृहस्थ थांबून बघू लागले.

"आणि मग? शिकवलं काय बाईंनी?" बिलकिसच्या तोंडातून निघून गेलं.

रझिया मांजराच्या पवित्र्यातच थांबली. चेहऱ्यावरचं मांजर हळूहळू निघून गेलं. तिनं दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"विसरले," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून चालायला लागली.